उन्हावर खत तयार होईल का?

प्रश्न : ताई, नमस्कार. चार एकर कोरडवाहू जमीन आहे, खरिपात सोयाबीन आणि रब्बीला हरभरा घेतो. मुलाने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. पाण्यात पूड टाकून भांडं उन्हात ठेवलं आणि म्हणे हवेतल्या नत्राचा अमोनिया झाला. तपासल्यावर पाणी निळं झालं. हे खरं आहे का? असेल तर युरियासाठी रांगेत उभं राहणं तरी सुटेल.
– एक शेतकरी, परभणी जिल्हा

उत्तर : भाऊ, ती निळाई, म्हणजे अमोनिया असला की तपासणीच्या रसायनाने येणारा रंग, मी स्वतः पाहिली आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगते.

एम.एस्सी.नंतर दोन वर्षं मी याच कामात होते. आमची पूड म्हणजे लोह मिसळलेला टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. १९७७ मध्ये अमेरिकेत श्राउझर आणि गुथ यांनी अशाच पुडीवर अतिनील प्रकाश टाकून अमोनिया मिळाल्याचं नोंदवलं, तिथून या संशोधनाने जोर धरला. त्याआधी, १९४० च्या दशकात, अलाहाबादचे नीलरतन धर मातीत उन्हाने नत्र स्थिरावतो असं मांडत होते. प्रकाश पुडीतला इलेक्ट्रॉन मोकळा करतो, तो नायट्रोजनला मिळतो आणि हायड्रोजन पाण्यातून येतो. कारखान्यात याच कामाला ४०० ते ५०० अंश तापमान आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो, शिवाय हायड्रोजन बहुतेक नैसर्गिक वायूतून काढावा लागतो. म्हणून या वाटेची ओढ वाटते, आणि ती रास्त आहे.

एका संध्याकाळी आमच्या नळीत तासाभराने सुरेख निळा रंग उतरला. आम्ही पेढे आणले. दुसऱ्या दिवशी सरांनी नायट्रोजनऐवजी आरगॉन सोडून तोच प्रयोग करायला लावला. आरगॉनमध्ये नत्राचा कणही नसतो. तरीही नळी निळीच झाली, जवळजवळ तितकीच. मग कळलं की पुडीत लोह घालायला आम्ही फेरिक नायट्रेट वापरलं होतं. धुऊनही थोडं नायट्रेट मागे राहिलं होतं आणि त्याचाच अमोनिया होत होता. माणसाच्या श्वासातही अमोनिया असतो, एवढी ही तपासणी नाजूक. हवेतलाच नत्र आला हे दाखवायचं तर नायट्रोजन-१५ हा नायट्रोजनचाच जड प्रकार वापरायचा आणि तोच १५ अमोनियात सापडतो का ते पाहायचं. तुमच्या व्हिडिओत ही दोन्ही कामं केलेली नसतील तर त्या निळ्या रंगावर मी विश्वास ठेवणार नाही.

आता प्रमाण बघा. समजा, एक ग्रॅम पुडीने तासाला १०० मायक्रोमोल (रेणू मोजायचं अगदी छोटं माप) अमोनिया दिला. आठ तास ऊन धरलं तर दिवसाला साधारण ११ मिलिग्रॅम नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असतो. त्या एक ग्रॅम पुडीला एका गोणीइतका नत्र द्यायला पाच हजार वर्षं लागतील. पूड वाढवली म्हणून उत्पादन तेवढ्याच पटीने वाढत नाही, कारण वरच्या थराची सावली खालच्या थरावर पडते. आणि टायटॅनियम डायऑक्साइडला लागणारा अतिनील प्रकाश उन्हात जेमतेम चार-पाच टक्के. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध इतका चिवट की बरेच इलेक्ट्रॉन त्याच्याकडे पोहोचण्याआधीच वाया जातात. या अडचणींवर आज जगभर मनापासून काम चालू आहे आणि ते व्हायलाच हवं. पण अशी पूड कुणी विकायला आणली तर पैसे देऊ नका.

साध्या तापमानाला हवेतला नत्र बांधणारा कारागीर तुमच्या रानात आहेच. पेरताना हरभऱ्याला रायझोबियम हे जिवाणू लावा आणि युरियाचा हात आखडता घ्या, कारण तो जास्त झाला की मुळांवर गाठी कमी धरतात. पीक फुलावर येण्याच्या सुमारास एक रोप अलगद खणून काढा, माती धुवा आणि गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर काम चालू आहे. हिरवट किंवा राखाडी निघाली तर मला पुन्हा लिहा.