बाटलीत अत्तर, जाहिरातीत पाठ

मागच्या अंकात साबणाच्या जाहिरातींवर लिहिलं आणि पत्रं आली ती बहुतेक परफ्यूमवर. बरंच झालं. मुंबईतल्या एजन्सीत कॉपी लिहिण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. डिओ, टाल्कम पावडर, आफ्टरशेव्ह यांच्यावर मी बरेच कागद काळे केलेत. तेव्हा या वेळी चारच पत्रं घेते.

प्रश्न : ताई, मी माध्यमांचा अभ्यास करते. परफ्यूमच्या जाहिरातीत वास कसा आहे हे कधीच सांगत नाहीत. समुद्र, घोडा, उघडी पाठ, फ्रेंचमधली कुजबुज आणि शेवटी बाटली. यानं कुणाला काय पटतं? (विद्यार्थिनी, पुणे)

अगं, सांगून बघू. ‘वर बर्गमॉट, मध्ये चमेली, तळाशी चंदन आणि व्हॅनिला.’ आला वास? पडद्यातून वास येत नाही, ही या धंद्याची मूळ अडचण. मग बाकीच्या इंद्रियांना कामाला लावतात. रेशीम घसरताना दिसतं, केस ओले असतात, श्वास ऐकू येतो. बोलणं जवळजवळ नसतंच. वाक्य आलं की ऐकणारा मनात तपासायला लागतो, खरं की खोटं. चित्राला ‘सिद्ध कर’ असं कोणी म्हणत नाही. नाव येतं ते एकदाच, पॅक शॉटवर, म्हणजे शेवटी बाटली दाखवतात तिथे, हळू आवाजात.

उघड्या पाठीचं म्हणशील तर परफ्यूमला एक सोय आहे जी प्रेशर कुकरला नाही. तो लावायचाच असतो मानेवर, मनगटावर, कानामागे. त्वचा दाखवायला निमित्त शोधावं लागत नाही. स्कियापारेली या फॅशन डिझायनरच्या ‘शॉकिंग’ परफ्यूमची 1937 सालची बाटली तर स्त्रीच्या धडाच्याच आकाराची होती, मे वेस्ट या नटीच्या मापांवरून बेतलेली. आणि 1952 साली ‘लाइफ’ मासिकात मॅरिलिन मन्रोचं ते प्रसिद्ध उत्तर आलं : झोपताना काय घालते? शनेल नंबर 5, म्हणजे शनेल कंपनीचा परफ्यूम. तिनं काहीही दाखवलं नाही. बाकीचं चित्र वाचकानं स्वतः पुरं केलं, आणि जे चित्र आपण स्वतः पुरं करतो ते डोक्यातून जात नाही. तेव्हा ती कंपनीची मॉडेलही नव्हती. पुढे 2013 मध्ये शनेलनं तिच्या जुन्या मुलाखतीतला आवाज वापरून जाहिरात केली. म्हणजे साठ वर्षांत त्यांच्या एकाही कॉपीरायटरला याहून चांगलं काही सुचलं नाही. (व्यावसायिक मत्सर समज.)

पण तुझ्या अभ्यासासाठी खरी मजेची गोष्ट पुढे आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या मासिकांत वासाच्या पट्ट्या आल्या. पानाची घडी उघडली की अतिसूक्ष्म कुप्या फुटायच्या आणि परफ्यूमचा वास पसरायचा. आता तरी चित्रातली बाई घरी जायला हवी होती, कारण वास थेट नाकापर्यंत पोचत होता. ती गेली नाही. पट्टीच्या शेजारी तीच पाठ, तेच अर्धे मिटलेले डोळे. यावरून मी एवढंच समजले की ते चित्र वासाच्या जागी ठेवलेलं नसतंच. वास काय तो दुकानात कळेल. हा लावल्यावर तुझ्याकडे कोण कसं बघेल, ते चित्र सांगतं.

म्हणून जाहिरात बघताना एक गोष्ट टिपत जा : बघणारा कोण आहे? रेव्हलॉनचं ‘चार्ली’ 1973 मध्ये आलं, तेव्हा जाहिरातीतली तरुणी पँट घालून लांब टांगा टाकत रस्त्यानं चालली होती. ती कुणाची वाट बघत नव्हती. त्या काळात नोकरीला लागलेल्या, स्वतःच्या पगारातून सेंट घेणाऱ्या मुलींना ती चाल विकली गेली, आणि धडाक्यानं विकली गेली. पटवणं तेच. फक्त मोह पुरुषाच्या नजरेचा नव्हता, स्वतःच्या पैशांचा होता.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. क्लासला जाताना अर्धा डबा डिओ मारतो. जाहिरातीतल्या पोरी खरंच मागे लागतील असं त्याला वाटतं का? (एक आई, डोंबिवली)

नाही वाटत. तो त्या जाहिरातीला हसतो, आणि तिथेच काम होतं. दावा इतका अचाट करायचा की कोणी खोटं म्हणून तक्रारही करू नये. अतिशयोक्ती सगळ्यांना दिसते म्हणून पुरावा मागता येत नाही. हसू ओसरतं, ब्रँड राहतो. अॅक्स या डिओनं जगभर हेच केलं.

त्या जाहिराती आवाज बंद करून बघा. पोरी पळतायत, पडतायत, खिडकीतून उतरतायत, आणि पोरगा नुसता उभा आहे. त्याला बोलावं लागत नाही, नकार ऐकावा लागत नाही. सोसायटीच्या लिफ्टमध्ये शेजारच्या मुलीशी एक वाक्य बोलताना ज्याची गाळण उडते, त्याला यापेक्षा मोठं आमिष काय असणार? आम्ही ब्रीफमध्ये, म्हणजे जाहिरात कशी हवी ते लिहिलेल्या कागदात, याला ‘आत्मविश्वास’ असं सभ्य नाव द्यायचो.

गंमत म्हणजे आपल्याकडे या साऱ्या पोरींना हरवलं ते हिशोबानं. 2011 मध्ये अहमदाबादच्या एका कंपनीनं ‘फॉग’ आणला आणि दुकानदाराच्या तोंडून सांगितलं की बाकीच्या डब्यांत गॅस असतो, यात नाही. 800 फवारे मिळतील. मोहिनी नाही, मोजणी. बाजारात तो पहिल्या नंबरावर गेला. गिऱ्हाईक भुललेलं असतं, पण पैसे मोजायला विसरत नाही.

मुलाला व्याख्यान देऊ नका. आंघोळीनंतर काखा कोरड्या करून दोन फवारे पुरतात आणि बंद वर्गात बाकीच्यांचं डोकं चढतं, एवढं सांगा. जमल्यास त्याच्या बाबांनी सांगावं.

प्रश्न : घरच्यांबरोबर बसून टीव्ही बघायची सोय नाही. सरकार या जाहिरातींवर सरसकट बंदी का घालत नाही? (निवृत्त शिक्षक, सांगली)

सर, बंदी येते, पण सरसकट येत नाही, आणि माझ्या मते येऊही नये. ‘ओपियम’ या परफ्यूमची 2000 सालची गोष्ट घ्या. सोफी डाल ही मॉडेल विवस्त्र पहुडलेली, स्टीव्हन माइझेलनं टिपलेली. ब्रिटनमध्ये ते चित्र मासिकांत छापलं तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही. तेच रस्त्यावरच्या होर्डिंगवर चढलं आणि तिथल्या जाहिरात नियामक संस्थेकडे 900 हून जास्त तक्रारी गेल्या; होर्डिंग उतरवायला लागली. चित्र तेच होतं. मासिक विकत घेऊन उघडता येतं. रस्त्यावर मान वळवायची सोय नसते.

आपल्याकडे 2008 मध्ये अॅक्सच्या जाहिरातीतल्या चॉकलेटच्या माणसाला माहिती व प्रसारण मंत्रालयानं टीव्हीवरून उतरवलं. 2011 मध्ये मंत्रालयानं डिओच्या बऱ्याच जाहिरातींवर बोट ठेवलं आणि त्या बदला किंवा थांबवा, असं ‘अॅस्की’ला कळवलं. ही जाहिरातींवर लक्ष ठेवणारी, जाहिरात क्षेत्राची स्वतःचीच संस्था, 1985 पासून मुंबईत आहे.

तो सगळा आचरटपणा होता. जून 2022 मधलं ‘लेयर शॉट’ या बॉडी स्प्रेच्या जाहिरातीचं प्रकरण वेगळं. दुकानात एकटी मुलगी, मागे चार पुरुष, ‘आपण चार, ही एक, शॉट कोण घेणार’ असं बोलतात. मुलगी घाबरून वळते, मग कळतं की बोलणं बाटलीबद्दल होतं. सामूहिक बलात्काराच्या भीतीवर विनोद. मंत्रालयानं ती काढायला लावली, ते योग्यच झालं. त्यात कुणाच्या अंगावरचा कपडा इंचभरही सरकला नव्हता, हे मुद्दाम लिहिते. आपण पदर मोजत बसलो, तर अशा जाहिराती आपल्यासमोरून सभ्य म्हणून निघून जातात. आपल्याला नातवंडांसमोर अवघडल्यासारखं होतं हे मला कळतं, सर. पण एखाद्या बाईनं स्वतःच्या खुशीत मान मागे टाकली तर मी चॅनेल बदलेन, तक्रार करणार नाही. घाबरलेल्या मुलीवर हशा पिकवला तर मात्र करेन. आपणही करा, अॅस्कीकडे सामान्य ग्राहकाला तक्रार करता येते, पैसे पडत नाहीत.

प्रश्न : ‘फेरोमोन’ असलेला परफ्यूम ऑनलाइन महाग मिळतो. खरंच आकर्षण वाढतं का? (वाचक, लातूर)

पैसे वाचवा. पतंगांसारख्या किड्यांमध्ये फेरोमोनचं, म्हणजे जोडीदाराला ओढून आणणाऱ्या अंगातल्या रसायनाचं, काम पक्कं सिद्ध झालंय, माणसात असं एकही रसायन अजून ठामपणे सापडलेलं नाही. चांगल्या वासावरच खर्च करायचा असेल तर मुंबईला आलात की महंमद अली रोडवर अत्तरवाल्याकडे जा. तो काचेच्या काडीनं मनगटावर लावून देतो आणि गप्प बसतो. लगेच विकत घेऊ नका, बाहेर चहा पिऊन या. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत जे दरवळतं ते उडून जातं. अर्ध्या तासानं मनगटावर जे उरलं असेल तेच दिवसभर तुमच्याबरोबर राहणार. मॉलमधल्या परदेशी बाटलीलाही हीच परीक्षा लावा. तिथली सेल्सगर्ल थांबू देत नसेल तर टेस्टरची पट्टी खिशात घालून निघा.