वाहतूकदारांचे प्रश्न: काटा, घाट आणि पासिंग

गाळप हंगाम जवळ आला की मालवाहतुकीवरचे प्रश्न वाढतात. या वेळी कराड, पाटण, वाळवा, मिरज आणि सांगली भागातले प्रश्न घेतले आहेत. सारखे असलेले प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: माझी दहा चाकी गाडी खडी आणि क्रश सँडच्या भाड्याला असते. दोन-तीन टन जादा घेतल्याशिवाय परवडत नाही असे सगळेच म्हणतात. पकडले तर नेमका दंड किती आणि तो भरायचा कुणी?
— गाडीमालक, कराड

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा वजनाला २०,००० रुपये दंड आहे आणि त्यावर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा, आणि तो उतरवल्याशिवाय गाडी जागची हलवू देत नाहीत. काट्यावर गाडी घ्यायला नकार दिला तर दंड ४०,००० रुपये आहे. हे कलम गाडी चालवणाऱ्याला लागू होते, तसेच ती चालवायला लावणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्यालाही. 'माल ड्रायव्हरने भरला, मला माहीत नव्हते' हे उत्तर मालकाला वाचवत नाही. चालकाचेही नुकसान होते, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीच्या निर्देशांनुसार ओव्हरलोडसाठी परवाना किमान ३ महिने निलंबित होऊ शकतो.

आता हिशेब पाहा. आरसीवर एकूण वजन २८,००० किलो आणि रिकामे वजन ९,८०० किलो असेल, तर माल १८,२०० किलोच भरता येतो. काट्यावर ३२,००० आले तर जादा झाले ४ टन आणि दंड २८,००० रुपये. जादा टनामागे ५०० रुपये सुटतात असे धरले, तर त्या ४ टनांचे खेपेला २,००० मिळतात. म्हणजे एका दंडात १४ खेपांची जादा कमाई जाते. जादा घासलेले टायर आणि बसलेले पाटे यात धरलेलेच नाहीत.

खडीच्या धंद्यात खरी चूक ब्रासमध्ये (१०० घनफुटांच्या मापात) होते. गिऱ्हाईक ब्रासने मागतो, कायदा किलोने मोजतो. कोरड्या खडीचा ब्रास साधारण ४ ते साडेचार टन भरतो. वरच्या गाडीत ४ ब्रास बसतात, पाचवा घातला की ओव्हरलोड झालाच. क्रश सँड ओली असेल तर हौद्यातली पातळी तेवढीच दिसते, वजन मात्र वाढलेले असते. पावसाळ्यात आणि धुतलेल्या सँडला पहिल्या खेपेला काटा करून हौद्याच्या आतल्या बाजूला पातळीची खूण करून ठेवा. ओल्यासाठी वेगळी, कोरड्यासाठी वेगळी.

एकूण वजन बसले म्हणून निर्धास्त राहू नका. २०१८ च्या सुधारित मर्यादेप्रमाणे पुढच्या दोन टायरांच्या एक्सलवर ७ टन आणि मागच्या जोड एक्सलवर २१ टन चालतात. लोडर मागून भरत गेला आणि ढीग फाळक्याकडे राहिला, तर मागचा एक्सल मर्यादेबाहेर जातो आणि पुढची चाके हलकी होतात. अशी गाडी चढावर स्टिअरिंगला नीट दाद देत नाही. ढिगाचा माथा मागच्या दोन एक्सलांच्या मध्यापासून थोडा पुढे ठेवायला लोडरवाल्याला सांगा. यात वेळ जात नाही, फक्त कुणीतरी गाडीजवळ उभे राहावे लागते.

प्रश्न: कुंभार्ली घाटाने चिपळूणकडे भरलेली गाडी उतरवताना निम्म्यात ब्रेक 'बसत' नाहीत, पेडल दाबावे लागते तेवढे जास्त. लाइनिंग नवीन आहे. मग दोष कुठे?
— चालक, पाटण

लाइनिंग नवे असूनही हे होते, कारण दोष बहुधा उष्णतेचा असतो. सतत दाबून ठेवलेल्या ब्रेकने ड्रम तापतो आणि फुगतो, म्हणजे त्याला आतून घासणाऱ्या ब्रेक शूपासून लांब जातो. तेवढे अंतर भरून काढायला पुशरॉडला (हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या दांड्याला) जास्त बाहेर यावे लागते. तापलेल्या लाइनिंगची पकडही कमी होते. दोन्ही एकत्र झाले की पेडल दाबूनही गाडी ओढत राहते.

उतार सुरू व्हायच्या आधी सपाटीवर थांबा. ब्रेकच्या हवेच्या दोन्ही टाक्यांचा दाब ७ ते ८ बार असावा. इंजिन बंद करून पेडल दाबून धरा. एका मिनिटात दाब ०.२ बारपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी गळती आहे, ती काढल्याशिवाय उतरू नका. घाट चढताना भरलेली गाडी जो गिअर मागते, तोच गिअर उतरताना आधीपासून घाला. वेग वाढल्यावर गिअर खाली घ्यायला जाल तर तो बसणार नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये राहील. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग रोखणारा) असेल तर सुरुवातीपासून लावा. पायाचा ब्रेक धरून ठेवू नका. वेग ३० धरला असेल तर ३० ला ठामपणे दाबून २० पर्यंत आणा आणि पूर्ण सोडा. सोडलेल्या वेळात ड्रमला हवा लागते.

डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे हा या घाटातला सर्वात घातक प्रकार आहे. इंजिनची रोख जाते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि आयडलवर कॉम्प्रेसर टाकी हळू भरतो. इंजिनच बंद केले तर पॉवर स्टिअरिंगही जाते. दाब ४-५ बारच्या आसपास आला की बझर वाजतो. तो वाजेपर्यंत वाट पाहू नका. हवा फारच उतरली की पार्किंगचे स्प्रिंग आपोआप चाके धरतात आणि वळणावर तसे झाले तर गाडी आवरत नाही.

जळका वास आला तर पहिल्या रुंद जागेत गाडी थांबवा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना गुटके लावा. ड्रमवर पाणी अजिबात मारू नका, तापलेला कास्ट ड्रम तडकतो. अर्धा-पाऊण तास निवू द्या.

गॅरेजमध्ये एक तपासणी मुद्दाम करून घ्या. गाडीला गुटके लावून पार्किंग ब्रेक सोडा, पुशरॉडवर खडूची रेघ मारा आणि पेडल पूर्ण दाबून रेघ किती सरकली ते मोजा. नेहमीच्या टाइप ३० चेंबरला (पुशरॉड ढकलणाऱ्या हवेच्या डब्याला) २ इंच ही शेवटची हद्द आहे. थंड ड्रमवरच रेघ हद्दीजवळ जात असेल, तर गरम झाल्यावर काहीच उरत नाही. स्लॅक ॲडजस्टर (शू आणि ड्रममधले अंतर राखणारे) चारही बाजूंचे सारखे हवेत, नाहीतर एकच चाक सगळे काम करते आणि तेच जळते. रोज सकाळी टाक्यांतले पाणी सोडायला विसरू नका. पाण्याबरोबर तेल येत असेल तर कॉम्प्रेसर तेल फेकतो आहे.

प्रश्न: उसाच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतो, पण महिनाभरात पडतात किंवा दिसत नाहीत. टिकाऊ उपाय सांगा.
— ट्रॅक्टरमालक, वाळवा तालुका

पट्टी पडते ती गंज आणि धुळीवर चिकटवल्यामुळे. जागा पॉलिश पेपरने घासा, थिनरच्या कापडाने पुसा, वाळू द्या आणि उन्हाच्या वेळी लावा. थंडीच्या पहाटे लावलेली पट्टी धरत नाही. कोपरे गोल कापा, म्हणजे पाचटात अडकून उचलली जाणार नाहीत. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी पट्टी हवी. त्यातही ५० मिलिमीटर रुंदीची घ्या. बाजारातल्या चमकी कागदाच्या पट्ट्या दिवसा छान दिसतात आणि रात्री कामाच्या वेळी उजेड परतवत नाहीत.

दिसत नाही याचे कारण वेगळे आहे. लोंबणारे वाढे फाळक्यावरची पट्टी झाकतात. म्हणून पट्टी फाळक्यावर नको, खालच्या चासीच्या आडव्या पट्टीवर लावा. शिवाय एक लाल रिफ्लेक्टिव्ह कापड मोळ्यांच्या वर दोरीने बांधा. ते प्रत्येक भरणीनंतर बांधायचे काम मुकादमाकडे द्या, नाहीतर ते पहिल्या आठवड्यानंतर ट्रॅक्टरच्या टपावर पडून राहते. मागच्या दिव्याची वायर दोन ट्रॉल्यांच्या जोडाजवळ तुटते. तिथे सरळ वायरऐवजी गुंडाळीची वायर आणि प्लग वापरा. ऊस बाजूला किंवा मागे बाहेर आला तर त्यालाही कायद्यात २०,००० रुपये दंड आहे.

दोन ट्रॉल्या असताना उतारावर मागचे वजन ट्रॅक्टरला ढकलते, कारण बहुतेक जोड्यांत ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना असतो. कालव्याच्या पुलावरून उतरताना गिअर आधी खाली घ्या. हुकाच्या पिनेला खालून लॉक पिन आणि शेजारी साखळी असायलाच हवी. ट्रॅक्टरवरच्या टेपचा आवाज इतका नसावा की मागचा हॉर्न ऐकू येणार नाही. पिन निसटल्याचा खणखणाटही त्यात विरून जातो.

ट्रॉली बंद पडली तर मागे त्रिकोण ठेवा. गावरस्त्यावर किमान ५० मीटर, महामार्गावर १०० मीटरच्या पुढे, आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. चाकांना लावलेले दगड निघताना उचलून बाजूला टाका. रस्त्यात राहिलेल्या त्या दगडावर रात्री दुचाकीवाले पडतात.

प्रश्न: गाडी ९ वर्षांची झाली. पासिंगला गेले की दरवेळी काहीतरी काढून परत पाठवतात. तयारी कशी करावी?
— गाडीमालक, मिरज

८ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांसाठी मिळते, त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. मुदत संपायच्या महिनाभर आधी कामाला लागा. फिटनेस नसलेल्या गाडीची नोंदणी कायद्याच्या दृष्टीने वैधच धरली जात नाही आणि पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड होतो. अपघात झाला तर विम्याचा वाद उभा राहतो, तो दंडापेक्षा फार महाग पडतो.

परत येण्याची कारणे बहुधा छोटी असतात. हेडलाइटचा झोत वर गेलेला, मागचा एखादा दिवा बंद, रिफ्लेक्टर पट्टी फाटलेली, स्पीड गव्हर्नरचे सील तुटलेले (१ ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या मालगाड्यांना ८० किलोमीटरची मर्यादा बंधनकारक आहे), थकलेला कर. हे सगळे घरी तपासता येते. मागच्या आडव्या गार्डकडे मात्र विशेष लक्ष द्या. तो जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा वर नको. हौदा दुरुस्त करताना वेल्डर तो वर उचलतात किंवा नुसता पातळ पाइप लावून देतात. मागून धडकलेली कार हौद्याखाली घुसू नये, एवढ्यासाठीच तो असतो. पातळ पाइप त्या धक्क्यात दुमडतो.

टायरच्या खाचांतली झिजेची खूण रबराच्या पातळीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली, टायर बदला. जोड चाकांत आतला टायर बघायला कुणी वाकत नाही आणि फुटतो बहुधा तोच. टायर बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. नटाखालून गंजाची रेघ ओघळलेली दिसली तर तो नट ढिला आहे.

प्रश्न: सांगलीहून हळद दिल्लीला नेतो. व्यापारी तीन दिवसांत पोहोच मागतो, म्हणतो ई-वे बिल (माल नेण्याचे जीएसटीचे ऑनलाइन कागद) संपेल. कायदा काय सांगतो?
— चालक, सांगली

ई-वे बिलाचे कारण खरे नाही. साध्या मालाला प्रत्येक २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. सांगली ते दिल्ली साधारण १,६०० ते १,७०० किलोमीटर, म्हणजे ८ ते ९ दिवसांची मुदत. गाडी बंद पडली तर मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत वाढवून घेता येते.

चालकाच्या कामाची मोजपट्टी १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने घालून दिली: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. तीन दिवसांत पोहोचायचे तर रोज ५५० किलोमीटर पडतात. ताशी सरासरी ४२ धरली तरी १३ तास स्टिअरिंगवर. एका माणसाकडून हे करून घेणे हा धोका आहे आणि तो व्यापाऱ्याच्या नव्हे, तुमच्या जिवावर घेतला जातो. एकतर दोन चालक द्यावेत, नाहीतर पोहोच पाच दिवसांची ठरवावी आणि ती बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) लिहून घ्यावी.

पहाटे २ ते ५ या वेळेत शरीर झोप मागतेच. गाडी किती सरळ जाते याचा त्या वेळी आपल्याला अंदाज राहत नाही. मागच्या दोन किलोमीटरचे काही आठवत नसेल तर लगेच ढाब्यावर किंवा पंपावर घ्या, २० मिनिटे झोपा. चहा झोपण्याआधी प्या, त्याचा परिणाम व्हायला तेवढाच वेळ लागतो. रस्त्याच्या कडेच्या पट्टीत कधीही झोपू नका. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालगाड्यांना एसी केबिन बंधनकारक झाली, ही फार आधी व्हायला हवी होती. जुन्या केबिनमध्ये निदान इंजिनच्या झाकणावर उष्णतारोधक गादी आणि चालता पंखा मालकाने द्यावा.

प्रश्न: अपघात झाल्यावर जमाव मारेल या भीतीने चालक पळतात. पळाले तर दहा वर्षे शिक्षा होते हे खरे का?
— वाहतूक व्यावसायिक, सातारा

दहा वर्षांची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये आहे. जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी त्याविरुद्ध आंदोलन केले आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे उपकलम लागू करण्यात आले नाही. पण मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ पूर्वीपासून आहेच: जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत कळवणे. जमावामुळे थांबणे अशक्य असेल तर कलमातच त्याला सवलत आहे. अशा वेळी ११२ ला फोन करा, ठिकाण आणि जखमींची संख्या सांगा आणि सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात गाडीसह किंवा पायी हजर व्हा. फोनची वेळ मोबाइलमध्ये राहते, पळून गेलो नाही याचा तो पुरावा ठरतो.

प्रश्न: हलक्या वाहनाच्या परवान्यावर मालवाहू पिकअप चालवता येते का?
— कुपवाड

येते, एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला हे स्पष्ट केले. आरसीवरचे एकूण वजन पाहा, रिकामे नव्हे. त्यापुढच्या गाडीला ट्रान्सपोर्टचा परवाना लागतो. त्याची मुदत ५ वर्षे असते आणि नूतनीकरणाला नमुना १-ए मधले वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते.