फौंड्रीचा स्लॅग पाणंदीला चालेल का?

प्रश्न : आमच्या गावची दीड किलोमीटरची पाणंद काळ्या रानातून जाते. पावसाळ्यात तिथे बैलगाडीही रुतते आणि गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर तिची पार चाळण करतात. जवळची एक फौंड्री (धातूचे ओतकाम करणारा कारखाना) भट्टीचा स्लॅग, म्हणजे धातू वितळवताना निघणारी आणि थंड झाल्यावर दगडासारखी होणारी मळी, आणि साच्यांतली जळकी काळी वाळू फुकट द्यायला तयार आहे. सुरतेकडे स्लॅगचा रस्ता झाल्याचे वाचले होते. खडी-मुरमाऐवजी हा माल वापरावा काय?
— एक ग्रामपंचायत सदस्य, ता. पलूस

उत्तर : वापरता येईल, मात्र स्लॅग आणि वाळू हे दोन निराळे पदार्थ असून ते एकाच ढिगात ओतून घेतले, तर दोन्हींचा उपयोग संपतो.

सुरतेजवळ हजिरा येथे २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली झालेला सहापदरी रस्ता पोलाद कारखान्याच्या स्लॅगचा आहे. त्या स्लॅगमध्ये मोकळा चुना उरलेला असतो, तो पाणी लागताच फुगतो आणि वरचा थर उचलून धरतो; म्हणूनच तो माल फोडून, त्यातले लोखंड चुंबकाने काढून आणि वाफ देऊन किंवा दीर्घकाळ ओला ठेवून मुरवल्यानंतरच वापरतात. आपल्या भागातील फौंड्रींच्या इंडक्शन (विजेवर चालणाऱ्या) भट्टीतून निघणारा स्लॅग बहुधा सिलिकाप्रधान, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाचा, असतो. त्याला फुगण्याची खोड फारशी नसली तरी तो काचेसारखा ठिसूळ असतो, आणि भरलेल्या ट्रॉलीच्या चाकाखाली त्याचा भुगा होण्याचा धोका असतो. त्यामुळे ‘सुरतेत चालले’ हा पुरावा आपल्या पाणंदीला लागू पडत नाही.

जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आघात चाचणी करून घ्यावी. तीत ठरावीक मापाच्या खड्यांवर हातोड्याचे १५ घाव घालून २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून किती भुगा खाली पडतो ते वजनाने मोजतात. तो ३० टक्क्यांहून अधिक निघाल्यास तो स्लॅग खडीच्या थरात घालू नये. चाचणीत उतरलेला माल खालच्या थरात काळ्या पाषाणाच्या खडीत मिसळून वापरावा आणि वर मुरमाचा थर द्यावा. उघड्या पृष्ठभागावर त्याच्या धारदार कडा टायरच नव्हे, बैलांचे खूरही फाडतील.

वाळूची गोष्ट अधिक नाजूक आहे. ती बारीक आणि एकसारख्या कणांची असल्यामुळे खडीची जागा घेऊ शकत नाही. भरावात मात्र ती कामाला येते. साच्यासाठी तिच्यात बेंटोनाईट ही चिकट माती आणि कोळशाची पूड मिसळलेली असते, तर काही फौंड्रींत माती न वापरता फिनॉलिक रेझिन, म्हणजे फिनॉल या विषारी रसायनापासून केलेला चिकट पदार्थ, वापरतात. दुसऱ्या प्रकारच्या वाळूतून पावसाच्या पाण्याबरोबर फिनॉल झिरपू शकते. म्हणून कोणती वाळू आहे हे फौंड्रीकडून लेखी घ्यावे, झिरपणाऱ्या पाण्याची तपासणी करून घ्यावी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी पाहावी आणि विहीर, ओढा किंवा कूपनलिकेजवळच्या तुकड्यात ती मुळीच टाकू नये. दोन्ही बाजूंनी मुरमाची पट्टी बांधली नाही, तर पहिल्याच वळवात भराव शेजारच्या उसात वाहून जाईल, आणि मग भांडण वाळूचे न राहता बांधाचे होईल.

खरा दोष काळ्या मातीचा आहे, हे विसरू नये. भिजली की फुगणाऱ्या आणि वाळली की भेगाळणाऱ्या जमिनीवर कितीही चांगली खडी पसरली तरी ती खाली जाते. आधी पाणंद आजूबाजूच्या रानापेक्षा उंच घ्यावी, मधोमध उंचवटा देऊन दोन्ही बाजूंना चर काढावेत आणि पाटाचे पाणी ओलांडते तिथे मोरी घालावी. फुकट मालाला गाडीभाडे, रोलर आणि चाचणीचा खर्च असतोच. तो जवळच्या खाणीच्या मुरमाशी ताडून पाहावा.

प्रश्न : साखर कारखान्याच्या बॉयलरची राख खडीऐवजी चालेल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : नाही. बगॅसची (उसाच्या चोथ्याची) राख हलकी आणि बारीक असते; तिला खडीचे बळ नाही. मात्र चुन्याबरोबर काळ्या मातीत मिसळून ओलसर दाबल्यास मातीचे फुगणे कमी होते. प्रमाण आपल्या मातीवर चाचणी करूनच ठरवावे, कारण न जळलेला कोळसा राखेत जास्त असेल तर हा उपाय लागू पडत नाही.