सातवा लागला तरी ओकाऱ्या

"मॅडम, सातवा लागला तरी हिच्या ओकाऱ्या काही थांबून नाही रायल्या. कोनाची नजर लागली का काय?"

सासूबाई विचारत होत्या आणि सून शेजारी मान खाली घालून बसली होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशक आहे. ओकाऱ्यांचा प्रश्न माझ्या टेबलावर नेहमीचाच. बहुतेकींची मळमळ दीड महिन्याला सुरू होते आणि चौथ्या-पाचव्यात ओसरते. काही जणींची मात्र बाळंतपणापर्यंत पिच्छा सोडत नाही, त्यांना औषध लागतं, कधी सलाईन लागतं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून एखादी सासू आपल्या खरोखर आजारी सुनेवर डोळे वटारायची.

या सुनेला सुनंदा म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय 23, पहिलटकरीण. पहिल्या भेटीत मी चुकले. थोडं थोडं खा, सकाळी उठल्याबरोबर मूठभर मुरमुरे चाव, तेलकट टाळ, असं नेहमीचं सांगून तिला घरी पाठवलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा आल्या तेव्हा कार्ड नीट वाचलं. तिसऱ्या महिन्यात 44 किलो, सातव्यात साडेपंचेचाळीस. नऊ महिन्यांत दहा-बारा किलो वाढावेत अशी आमची अपेक्षा असते. सोनोग्राफीतही बाळ दिवसांच्या मानाने लहान दिसत होतं. सासूबाई बोलत होत्या, मी या वेळी ऐकत होते. "जेवते तं चांगली जी. दोन भाकरी, वांग्याची भाजी, वरून ठेचा. मंग न्हाणीत जाते, नळ सोडते आन् ओकते." मळमळणाऱ्या बाईला फोडणीचा वाससुद्धा सोसत नाही. ही फोडणी स्वतः देत होती. ओकारी किती वेळा होते हे मी मागच्या वेळी विचारलं होतं, कधी होते हे विचारलंच नव्हतं.

सासूबाईंना गोळ्यांच्या खिडकीवर पाठवलं आणि सुनंदाला विचारलं, "ओकारी आपोआप येते, का आणावी लागते?"

बराच वेळ ती पदराच्या टोकाशी खेळत राहिली. उजव्या हाताच्या बोटांच्या मागच्या पेरांवर घट्टे पडले होते. घशात बोटं घालताना दात लागून असे घट्टे पडतात. मग म्हणाली, "पयले आपोआप येत होती. आता आनतो मी."

हे गरोदरपणातलं नव्हतंच. सतराव्या वर्षी बघायला आलेल्या पाहुण्यांनी "पोरगी अंगानं भरली हाय" म्हणून नकार कळवला, तेव्हापासून चालू होतं. दिवसभर उपाशी राहायचं, रात्री चुलीजवळ उरलेलं सगळं भराभर खायचं आणि मागच्या दारी जाऊन काढून टाकायचं. याला बुलिमिया म्हणतात. शहरातल्या मॉडेल मुलींचा आजार म्हणून आपण तो झटकून टाकतो. कापूस वेचायला जाणाऱ्या पोरीलाही तो होतो, फक्त तिला कुणी विचारत नाही.

तिचं पुढचं वाक्य मी अजून विसरलेले नाही. "ताई, आधी लपून करत होतो. दिवस गेल्यापासून ओकली का सगळे पाठीवरून हात फिरवतात." डोहाळ्यांनी तिच्या आजारावर पांघरूण घातलं होतं. वजन वाढायची भीती तर होतीच. पोटातल्या बाळासाठी जीवही तुटत होता. या दोन्हींच्या मध्ये ती रोज न्हाणीत उभी राहायची.

त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी करून घेतलं. सतत ओकण्याने पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, तिथे नुसत्या बोलण्याने भागत नाही. जिल्ह्याच्या मनोविकार विभागात चिठ्ठी दिली. तिथे जाणं जमत नसेल त्या दिवसासाठी 14416, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, तिच्या मोबाईलमध्ये 'मावशी' या नावाने घातला.

घरी सांगायचं का, हे तिनेच ठरवलं. "सासूबाईले सांगा, यायले नका सांगू." यायले म्हणजे नवऱ्याला.

सासूबाई भडकल्याच. "बाप्पा! म्हंजे हे मुद्दामच करते काय?" मी विचारलं, मामंजी तंबाखूचा खर्रा सोडतो म्हणतात, सुटतो का? त्या गप्प झाल्या. उदाहरण थोडं लंगडं आहे, हे व्यसन नव्हे. पण हातातून सुटत नाही म्हणजे काय, ते त्यांना तेवढ्यात कळलं.

मग त्यांच्याच घरात बसेल असं ठरवलं. सकाळची न्याहारी चुकवायची नाही, कारण दिवसभराची उपासमारच रात्री तुटून पडायला लावते. जेवणानंतर तासभर एकटीने न्हाणीकडे जायचं नाही, सासूसोबत ओसरीवर कापसाच्या वाती वळत बसायचं. त्या महिन्यात घरात वर्षभर पुरतील एवढ्या वाती झाल्या. लोहाची गोळी जेवणाबरोबर बाहेर पडत होती, ती झोपताना घ्यायची. ओकारी झालीच तर लगेच दात घासायचे नाहीत, साध्या पाण्याने चूळ भरायची, कारण आम्लाने मऊ पडलेला दात घासला की झिजतो. तिला आंबील दातांना झोंबायची, ती यामुळेच. आणि वजन करताना तिने काट्याकडे पाठ करून उभं राहायचं. आशाताईंनी आकडा लिहायचा, उच्चारायचा नाही. हे सगळ्यात अवघड गेलं. "वा, वाढलं की वजन!" असं कौतुकाने म्हणायची सवय आम्हा सगळ्यांनाच.

ओकाऱ्या रोजच्या तीनवरून आठवड्याला दोनवर आल्या. पूर्ण थांबल्या नाहीत. 38व्या आठवड्यात मुलगी झाली, 2 किलो 300 ग्रॅम. अडीचच्या खालीच, पण रडली जोरात.

बाळंतपणानंतर हा आजार पुन्हा डोकं वर काढतो, हे मी सासूबाईंना आधीच बजावलं होतं. बघायला येणाऱ्या बायकांनी "पोट लयच सुटलं व" म्हटलं की त्यांनी विषय बदलायचा, एवढं काम त्यांच्याकडे दिलं. त्यांनी एका नणंदेला चहाही न देता वाटेला लावलं, असं कानावर आलं.

दीड महिन्याच्या लसीला सुनंदा आली. रांग सोडून माझ्या टेबलाशी आली, बाळ माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाली, "ताई, या हप्त्यात तीनदा झालं." कुणी विचारलं नसताना. मी दार लोटून घेतलं.