ड्यूटीनंतरचा पहिला पेला

तू विचारलंस, झोप येत नाही म्हणून रात्रपाळीनंतर थोडी घेतली तर काय बिघडतं? मीही तिथूनच सुरुवात केली. अपघातातल्या गाडीतून एक लहान मूल बाहेर काढलं, त्या रात्री. दारूने डोळा लवकर लागतो हे खरं, पण ज्या झोपेत स्वप्नं पडतात आणि मन जरा निवळतं, तिलाच ती कात्री लावते. नशा उतरली की पहाटे दचकून जाग येते. मग उद्या थोडी जास्त लागते.

घरी मी गप्प असायचो. वाटायचं, हे सगळं त्यांच्यापासून लांब ठेवतोय. बायकोला मात्र बंद दारच दिसत होतं. मुलगी माझ्या बुटांच्या आवाजावरून ओळखायची, आज बाबांसमोर जायचं की नाही. हे तिने फार वर्षांनी सांगितलं. तू सगळा तपशील सांगू नकोस. 'आजचा दिवस वाईट गेला, तुझ्यावर राग नाही, अर्धा तास दे' एवढं तरी बोल.

आणि रोज पीत असशील तर एकट्याने, एकदम बंद करू नकोस. पहिल्या ४८ तासांत फिटचे झटके येऊ शकतात, नंतर भ्रमही, जीवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोड. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारी संघटना, १९३५ पासून आहे, घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन १९५१ पासून. तू पिणं थांबवलं नसलंस तरी बायको तिथे जाऊ शकते.

रात्री कितीही वाजता वाटलं तर मला फोन कर. मी उचलतो.