आधी भावाकडे जा

प्रभूमध्ये प्रिय मुला,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू दोन गोष्टी विचारल्यास: रागीट स्वभाव कसा बदलायचा, आणि येशूबद्दल लोकांना सांगायला कधी सुरुवात करायची. मधेच एका ओळीत लिहिलंस की धाकट्या भावाशी तीन आठवडे बोलणं बंद आहे आणि त्याच्या तारणासाठी, म्हणजे त्याने येशूवर विश्वास ठेवावा म्हणून, तू रोज प्रार्थना करतोस. ती ओळ तू ओघात लिहून गेलास, पण मी तिथेच थांबलो.

"आधी स्वभाव सुधारतो, मग साक्ष देतो" हा तुझा बेत मात्र सोडून दे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातला भूतग्रस्त माणूस आठव. बरा झाल्यावर तो येशूबरोबर होडीत चढायला निघाला होता. येशूने त्याला थांबवलं आणि म्हटलं, घरी आपल्या लोकांकडे जा आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते सांग. त्याच दिवशी, काही शिक्षण नसताना. पाठवलं मात्र घरी. घरचे लोक त्याला आधीपासून ओळखत होते, म्हणून झालेला फरक ओळखू शकणारेही तेच होते. तुझ्या बाबतीत ते लोक म्हणजे तुझा भाऊ. तेव्हा शील आणि साक्ष यांचा अभ्यास वेगवेगळा करू नकोस. दोन्ही एकाच उंबरठ्यावर शिकायचे आहेत.

आता रागाकडे येऊ. प्रेषित पौलाच्या गलतीकरांस पत्रात (५:२२-२३) आत्म्याच्या फळाची नऊ लक्षणं दिली आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. 'फळ' हा शब्द मूळ ग्रीकमध्ये एकवचनी आहे. म्हणजे "मी दानशूर आहे, सौम्यता माझा प्रांत नाही" असं म्हणायला जागाच उरत नाही. पण सराव करताना एकावेळी एकच लक्षण घे आणि त्याला निदान तीन महिने दे. नऊंची यादी भिंतीवर लावून सोमवारपासून सगळी पाळायला निघालेला माणूस गुरुवारपर्यंत स्वतःवरच चिडलेला असतो.

पहिले सात दिवस राग आवरायचा आटापिटा करू नकोस, फक्त नोंद ठेव. वहीत रोज चार रकाने: किती वाजता, कुणावर, त्याआधी काय घडलं, झोप आणि जेवण झालं होतं का. शेवटचा रकाना क्षुल्लक समजू नकोस. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला होता. देवाने त्याला उपदेश करण्याआधी दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला दिलं. होरेब डोंगरावरचं बोलणं त्यानंतर झालं. सात दिवसांत बहुधा असं दिसेल की तुझा राग दिवसभर पसरलेला नाही. एकदोन वेळा आणि एकदोन माणसं ठरलेली आहेत. मग लढायची जागा लहान होते.

दुसऱ्या आठवड्यापासून इफिसकरांस ४:२८ ची पद्धत लाव. तिथे पौल चोराला नुसतं "चोरी सोड" म्हणत नाही. चोरी सोड, हातांनी काम कर, आणि मिळेल त्यातून गरजवंताला दे, असं तिहेरी सांगतो. जुनी सवय काढली की तिच्या जागी उलटी सवय बसवावी लागते, नाहीतर रिकामी जागा जुनीच सवय परत बळकावते. रागाच्या बाबतीत याकोब १:१९ तोंडपाठ कर: ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला सावकाश. त्याला एक ठरलेली कृती जोड. समोरच्याचं वाक्य संपलं की त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं आणि मगच उत्तर द्यायचं. वचन भडका उडाल्यानंतर आठवून उपयोग नाही. तुझी वेळ संध्याकाळची निघाली, तर घरात पाऊल टाकण्याआधी दाराबाहेर अर्धा मिनिट थांबून ते म्हण.

सकाळच्या वेळेबद्दल थोडक्यात सांगतो. वीस मिनिटं पुरेत, पण ती रोज हवीत. तू वर्षभरात पूर्ण बायबल वाचायचा तक्ता घेतला आहेस. बायबलचे अध्याय ११८९, म्हणजे दिवसाला तीनाहून जास्त. जानेवारीअखेर लेवीय सुरू होतं आणि बहुतेकांचा तक्ता तिथेच बंद पडतो. तू मार्कपासून सुरू कर, सोळाच अध्याय आहेत. रोज दहा-पंधरा वचनं, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. वाचल्यावर वहीत एकच ओळ लिही, आणि त्या ओळीत आज करायचं काम असू दे. "देव प्रेमळ आहे" असं लिहू नकोस. "आज दुपारी अमक्याला फोन करीन" असं लिही. रात्री पाच मिनिटं ती ओळ उघडून बघ: झालं का, नाही झालं तर कुठे अडलं. एवढं बघ आणि देवाच्या हाती सोपवून झोप.

घसरशील, हे धरूनच चाल. घसरल्यावर काय करतोस यावर पुढचं बरंच अवलंबून आहे, म्हणून इथे जरा थांबतो. सूर्य मावळण्याआधी राग मिटवा, असं इफिसकरांस ४:२६ सांगतं. तुझे तीन आठवडे झालेत. क्षमा मागताना लोक काय म्हणतात? "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी." यात चूक समोरच्याच्या वाटण्याची ठरते. किंवा, "मी ओरडायला नको होतं, पण तूही..." त्या 'पण'ने आधीचं सगळं पुसलं जातं. त्याऐवजी असं म्हण: "त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुझ्यावर ओरडलो आणि तुला खोटारडा म्हणालो. ते चूक होतं. मला क्षमा कर." काय केलं ते नेमकं सांगायचं, चूक कबूल करायची, क्षमा मागायची आणि गप्प बसायचं. शब्द तुझ्या प्रसंगाप्रमाणे बदल. हे चार भाग तसेच ठेव. मेसेज पाठवू नकोस. समोर जाऊन, दोघंच असताना बोल. तो लगेच विरघळेल अशी अपेक्षा ठेवू नकोस. "बरं" म्हणून उठून गेला तरी तुझं काम झालं. आणि त्याच बैठकीत येशूचं नाव काढून त्याला उपदेश करू नकोस. तसं केलंस तर क्षमा मागणं हा बहाणा होता असंच त्याला वाटेल.

नुकसान झालं असेल तर ते भरून दे. फसवणूक कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा असं नियमशास्त्रात होतं (लेवीय ६, गणना ५). जकातदार जक्कय येशू भेटल्यावर चौपट द्यायला उभा राहिला. त्याच्याकडून लुबाडल्या गेलेल्या माणसाच्या हातात पैसे परत पडले असतील तेव्हा त्याला काही समजावून सांगावं लागलं असेल का, याचा विचार कर.

आता इतरांना सांगण्याविषयी. तुझ्या यादीत तेवीस नावं आहेत. ती तीनवर आण. तेवीस जणांसाठी घाईघाईत नावं घेऊन प्रार्थना होते. तिघांसाठी नेमकी होते, कारण त्यांची परीक्षा, आजारपण, घरातली काळजी तुला ठाऊक असते. रोज सकाळी गटावर वचनाचं चित्र पाठवणं साक्षीत धरू नकोस. न उघडता पुढे सरकवलेल्या वचनाने आपलं समाधान होतं, समोरच्यापर्यंत काही पोचत नाही.

बोलण्याची सुरुवात ऐकण्याने कर. विहिरीवर येशूने त्या शोमरोनी स्त्रीकडे, यहूदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या लोकांतल्या बाईकडे, आधी प्यायला पाणी मागितलं. तिच्यापाशी होतं तेच मागून तो बोलू लागला. रथात शास्त्र वाचत बसलेल्या कूशी (आफ्रिकेतल्या) अधिकाऱ्याला शिष्य फिलिप्पाने आधी प्रश्न विचारला: वाचता आहात ते समजतं का? तूही विचार: "तुझ्या घरी प्रार्थना कशी करतात?" "कठीण वेळी तुला आधार कशाचा वाटतो?" आणि उत्तर मनापासून ऐक. आपली पाळी कधी येते याची वाट बघत ऐकणारा चेहरा लगेच ओळखू येतो. दुसऱ्याच्या श्रद्धेची टिंगल कधीही करू नकोस. पौलाच्या शिकवणीवरून इफिसमध्ये दंगल उसळली तेव्हा नगराच्या अधिकाऱ्यानेच जमावाला सांगितलं, की या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही (प्रेषितांची कृत्ये १९:३७). पौल त्या भागात दोन वर्षांहून अधिक काळ उघडपणे सुवार्ता सांगत होता, तरी विरोधकांच्या गावात त्याच्या सोबत्यांबद्दल हे म्हणता आलं.

तुझ्या साक्षीचा मसुदा वाचला. अग्रिप्पा राजापुढे पौल बोलला तो साचा (कृत्ये २६) तू घेतलास हे छान केलंस: आधी मी कसा होतो, ख्रिस्त कसा भेटला, नंतर काय बदललं. पण तुझी अडीच पानं आहेत आणि त्यातली दोन 'आधी'ची. तीन मिनिटांत संपेल इतकी कर, म्हणजे साधारण तीनशे शब्द. 'आधी'ला त्यातला पाव भाग दे. आणि हे वाक्य बघ: "मी पापाच्या अंधारात होतो, कोकऱ्याच्या रक्ताने माझं तारण झालं आणि मी नवी उत्पत्ती झालो." त्यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि मंडळीत तो सगळ्यांना कळेल. बाहेरच्या माणसाला 'तारण' म्हटलं की कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू आठवते, 'साक्ष' म्हटलं की कोर्ट, आणि 'पापी' म्हटलं की तो मनात म्हणतो, मी कुणाचा खून केलेला नाही. हेच रोजच्या मराठीत असं येईल:

"कुणी माझी चूक दाखवली की मी आठवडाभर धुमसायचो. आपण बरोबर आहोत हे सिद्ध करण्यातच जीव जायचा. माझ्या चुकांची शिक्षा येशूने वधस्तंभावर स्वतः सोसली आणि देवाने मला आपलं म्हटलं, हे पटलं तेव्हा ती धडपड हळूहळू सुटायला लागली. राग अजून येतो. पण आता मी परत जाऊन क्षमा मागतो."

शेवटचं वाक्य आज तुला म्हणता येणार नाही. भावाकडे जाऊन आलास की म्हणता येईल.

साक्ष तुझ्याबद्दल असते, सुवार्ता ख्रिस्ताबद्दल. ही गल्लत अनुभवी लोकही करतात. नुसता आपला अनुभव सांगितला तर ऐकणारा म्हणतो, "तुला बरं वाटलं ना, छान." म्हणून १ करिंथ १५:३-४ चा गाभा त्यात आलाच पाहिजे: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, आणि हे सगळं शास्त्राप्रमाणे झालं. कुणाला आणखी ऐकायचं असेल तर वाद घालत बसू नकोस, मार्क एकत्र वाचायला बोलाव. आठवड्यातून एकदा, अर्धा तास. वाचायला त्यालाच सांग. नंतर तीन प्रश्न: यात येशू कसा दिसतो? काय समजलं नाही? हे खरं असेल तर माझ्यासाठी काय बदलेल? उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, पुढच्या आठवड्यात शोधून सांगतो" म्हण, आणि खरोखर शोधून आण.

कुणाला नोकरीचं, पैशाचं किंवा बरं होण्याचं आमिष दाखवायचं नाही. आजारात किंवा दुःखात कोलमडलेल्या माणसाकडून निर्णय काढून घ्यायचा नाही. त्या वेळी त्याच्याजवळ बस, मदत कर. लहान मुलांशी आईवडिलांच्या नकळत बोलायचं नाही. पौल म्हणतो की आम्ही लाजिरवाण्या गुप्त गोष्टी सोडल्या आहेत (२ करिंथ ४:२), आणि यात सवलत नाही. समोरचा "नको" म्हणाला तर विषय बंद, मैत्री चालू. तो ख्रिस्ताकडे येत नाही म्हणून तू त्याच्याकडे जाणं सोडलंस, तर तुझी मैत्री कशासाठी होती ते त्याला कळून चुकेल.

आणि कधी कधी बोलणं थांबवावंच लागतं. पुढे मोठा ख्रिस्ती धर्मगुरू झालेल्या ऑगस्टिनची आई मोनिका मुलासाठी वर्षानुवर्षं रडून प्रार्थना करत होती. त्याच्याशी बोलून त्याची समजूत घाला, म्हणून ती एका बिशपच्या मागे लागली. त्याने नकार दिला: तो अजून ऐकायच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू दे, फक्त त्याच्यासाठी प्रार्थना कर. ऑगस्टिनचा बाप्तिस्मा ३८७ साली मिलानमध्ये झाला आणि मोनिका त्याच वर्षी वारली. पौल लावतो, त्याच्यासारखाच दुसरा सेवक अपुल्लोस पाणी घालतो, वाढवतो देव (१ करिंथ ३:६). तुझ्या वाट्याला यातलं कुठलं काम येईल ते तू ठरवणार नाहीस.

तुझ्या मंडळीतला वयाने मोठा एक बांधव निवड आणि आठवड्याला अर्धा तास त्याला वही दाखव. पत्रातून मला ते काम नीट जमणार नाही.

वेदीपाशी अर्पण आणलं असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जा, असं प्रभूने सांगितलं आहे (मत्तय ५:२३-२४). हे पत्रही तसंच ठेव. सात दिवसांच्या नोंदी आणि नवा मसुदा नंतर पाठव, उत्तराला उशीर झाला तरी चालेल. भाऊ आता घरी असेल.

प्रभूमध्ये तुझा,
एक वडीलधारा