नाव आधी त्यांच्या तोंडून

रायगडातल्या वाड्यांवर कोणते समाज राहतात याच्या नोंदी घेताय, फार चांगलं काम आहे. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

'जात कोणती?' असं विचारू नका, लोक जातीच्या दाखल्यावरचं नाव सांगतील. 'आपसांत स्वतःला काय म्हणता?' असं विचारा. उत्तर त्यांच्याच उच्चारात लिहा, सुधारू नका. दाखल्यावरचं नाव वेगळ्या रकान्यात.

'कातकरी' हे खैराच्या कातावरून, धंद्यावरून पडलेलं नाव. अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत काथोडी, कातकरी, सोन कातकरी, ढोर कातकरी एकत्र छापलेत, म्हणून ते सगळे एकच असं धरू नका. 'ढोर' त्यांनी स्वतः म्हटल्याशिवाय तोंडात आणू नका.

नवखे हमखास चुकतात ते 'कोळी' लिहिताना. सोनकोळी दर्यावरचे, मासेमारी करणारे. महादेव कोळी डोंगरातले, अनुसूचित जमातीत. नुसतं 'कोळी' लिहिलंत तर नोंद वाया गेली.

पोटभेद, कुळं नंतर.